राहून गेलेला डोस

आंबेटाकळी आरोग्य उपकेंद्र, ता. वडवणी, जि. बीड
३ डिसेंबर २०२३

प्रिय वनमाला आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझ्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहितेय. लिहून झालं की फोटो काढून तुझ्या चैतालीच्या फोनवर पाठवते. फोनवर तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू भलतीच उत्तरं देतेस, त्यापेक्षा हे बरं. परवा मी विचारलं, 'थंडी किती आहे?' आणि तू म्हणालीस, 'दोन भाकरी.' तुझा भाचेजावई पवन अजून घरभर सांगत फिरतोय.

तू लेकीकडे इंग्लंडात, लेस्टरला जाऊन दोन महिने झाले. सव्वीस वर्षं तू चालवलेलं हे उपकेंद्र माझ्या हातात येऊन साडेचार वर्षं झाली, तरी बाया मला विचारतात, "मोठ्या शिष्टर कवा येणार?" मी धाकटी शिष्टर ती धाकटीच.

आता कामाचं. परवा तालुक्याला बैठक झाली. पोरांच्या लसीकरणात आपला तालुका कोरोनाच्या आधी होता तिथं परत पोचला, म्हणून टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पण आत्या, त्या आकड्यात मेंढकेवस्ती दिसत नाही. माळावरच्या त्या तेरा घरांत पाच वर्षांखालची अकरा पोरं आहेत आणि अकराही कोरी. जन्मल्यावर दवाखान्यात दिलं तेवढंच. पुढं एकही डोस नाही.

आशा कार्यकर्ती संगीताला घेऊन तीन वेळा जाऊन आले. आम्ही दिसलो की बाया पोरं घेऊन मेंढरांमागं निघून जातात. त्यात एक कडूबाई आहे, चोवीस-पंचवीस वर्षांची. तिला पावणेचार वर्षांची सुकन्या आणि दीड वर्षाचा सटवा. बाकीच्या तिच्याकडे बघून वागतात. ती भांडत नाही, शिव्या देत नाही, नुसती बघते आणि मान फिरवते. भांडली असती तर बरं झालं असतं.

तू जायचीस तेव्हा म्हणे ही माणसं तुला बसायला घोंगडं टाकायची. कसं करायचीस ते लिही.

तुझी,
राजश्री

*

लेस्टर
१२ डिसेंबर २०२३

चि. राजश्रीस,
आत्याचा जय भीम आणि आशीर्वाद.

इथं दुपारी चारला अंधार पडतो. पहिल्या दिवशी मी दिवे लावून भाकरीचं पीठ मळायला घेतलं, तर जावई प्रवीणराव म्हणाले, "आई, आत्ता चहाची वेळ आहे." माणूस भला, पण दिवसाला चार वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही. त्यातलं एक मला मिळालं. चैताली मला 'आई गं' म्हणते ते ऐकून सुगतही मला 'आईगं' म्हणतो. पावणेचार वर्षांचा झाला, आजी म्हणायला तयार नाही.

आता तुझं. पहिल्या खेपेला लसीचा डबा नेऊच नकोस. डबा दिसला की बाया डब्याकडे बघतात, तुझ्याकडे बघत नाहीत. रिकाम्या हाताने जा. मेंढरं किती व्याली ते विचार. चहा दिला तर पी, कोरा असला तरी पी. आणि तू कमी बोल. तुझा बाप, माझा भाऊ, लहानपणापासून दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि तू त्याचीच लेक.

कडूबाई मला आठवते. तिला मीच टोचलीय. पाच वर्षांची होती, माझ्या मनगटाला अशी चावली की आठ दिवस वण होता. तिच्या आईने मला हळद लावली होती.

काल चैतालीने फोनवर बातमी वाचून दाखवली. जगभर हेच चाललंय. काही देश पोरांच्या लसीत पूर्वीच्या जागी आले, काही अजून खालीच आहेत, आणि जे वर आले त्यांच्यातही कुठं कुठं अशा वस्त्या राहिल्यात. वाचताना ती मधेच थांबली आणि स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जात असेल.

सुगतचं मात्र सगळं वेळच्या वेळी झालंय. मी फोनवर दर वेळी विचारायचेच. नर्सच्याच घरात डोस राहून गेला तर कसं चालेल?

तुझी आत्या

*

आंबेटाकळी
२८ डिसेंबर २०२३

प्रिय आत्या,
जय भीम.

गेले. एकटी, रिकाम्या हाताने. कडूबाई दारातच कोकराला दूध पाजत होती. मी तुझं नाव काढल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. म्हणाली, "मोठ्या शिष्टरला मी चावलेते." घोंगडं टाकलं, आत्या! कोरा चहाही मिळाला. सुकन्याने मला तिचं कोकरू दाखवलं, त्याचं नाव 'साहेब' आहे. का, तर ते कुणाचं ऐकत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी घसरले. मोबाईल काढून गोवराचा व्हिडिओ दाखवला आणि दहा मिनिटं एकटीच बोलत सुटले. कडूबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्या दोन डाव आलते, ताई. आता न्हाई येत." मला वाटलं, ती कोरोनाच्या दोन डोसांचं म्हणतेय. मी म्हटलं, "अगं, ती कोरोनाची लस मोठ्या माणसांची होती, ही पोरांची आहे." ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठली आणि मेंढरांकडे गेली.

मला वाटतं, कुणीतरी काहीबाही दाखवून डोक्यात भरवलंय. तिचा नवरा धोंडीराम दिवसभर मोबाईल बघतो. अफवेपुढं काय करायचं?

तुझी,
राजश्री

*

लेस्टर
९ जानेवारी २०२४

चि. राजश्रीस,
जय भीम.

थोडक्यात लिहिते, सर्दी झालीय.

अफवा नसेल. ती दोन डाव कधी आली होती, कुठं आली होती, ते तिला विचार आणि गप्प बस.

एक विचारायचं होतं. इथं शेजारणीचा मुलगा आहे. चार वर्षांचा होत आला तरी गोवराचा डोस घेतलेला नाही. एवढ्या उशिरा पहिला डोस दिला तर चालतो ना?

तुझी आत्या

*

आंबेटाकळी
१७ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,
जय भीम.

विचारलं. हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.

तिच्या शब्दांत सांगते. "सुकन्या सवा महिन्याची व्हती. दोन कोस चालत आले. तुमी दारातनंच म्हणलात, लस न्हाई, बंद हाय समदं. बरं म्हणलं, गेले. मंग पावसाच्या तोंडाला परत आले. तवा तुमी समद्या माणसांम्होरं वरडलात, 'तोंडाला फडकं न्हाई, कावून हिंडतीस पोर घिऊन? मराय आलीस का?' माणसं बाजूला सरली, जशी काय मीच रोग घिऊन आलते. तवाच ठरवलं, त्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

२०२० साल, आत्या. एप्रिल आणि जून. आणि मला आठवत नाही. हेच सगळ्यात वाईट. तेव्हा मी दिवसभर घरोघरी ताप मोजत हिंडत होते, पवन शाळेत विलगीकरणात होता, मी कुणाकुणावर ओरडले ते माझं मलाच ठाऊक नाही. पहिल्या खेपेला खरंच सत्रं बंद होती. पण दुसऱ्या खेपेला सुरू झाली होती. लस होती, आत्या. डब्यात होती. मी चिडलेली होते, एवढंच.

आणि मी तिला अफवेचं शिकवत होते.

मी म्हटलं, "कडूबाई, चुकलं माझं." सटवा तिच्या मांडीवर झोपला होता. त्याच्या अंगावर पदर ओढत ती म्हणाली, "बरं." एवढंच. मी लसीचं नाव काढलं नाही. निघताना म्हणाली, "उद्या आमी निगालो उमापूरकडं. कापूस निगाला की तिकडं रानात मेंढरं बसवाया बोलवत्यात." धोंडीरामच्या मोबाईलमध्ये माझा नंबर मात्र घालून घेतला. आता सगळी वस्ती गेलीय, पोरांसकट. मी मोकळ्या माळावर जाऊन काय करू?

आणि आत्या, सव्वीस वर्षं लस टोचलेल्या बाईला 'उशिरा डोस चालतो का' हे मला विचारावं लागतं? सर्दी झाली की माणूस एवढं विसरत नाही. ही शेजारीण कोण?

तुझी,
राजश्री

*

लेस्टर
२५ जानेवारी २०२४

चि. राजू,
तुला पुष्कळ आशीर्वाद.

शेजारीण कुणी नाही. तो सुगत आहे.

हे पत्र चैतालीच फोटो काढून पाठवणार आहे. तिने वाचलं तरी चालेल, असं ठरवून लिहितेय.

नाताळाच्या सुट्टीनंतर सुगतच्या बालवाडीतून चिठ्ठी आली. भागात गोवर निघालाय, मुलांची लस तपासून घ्या. मी सहज म्हटलं, कार्ड आण गं. चैताली कार्ड आणेना. मग म्हणाली, "आई, चार महिन्यांचा झाल्यावर मी त्याला नेलंच नाही." इतकी वर्षं मी फोनवर विचारत होते आणि ती 'हो, झालं' म्हणत होती.

मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. सव्वीस वर्षांत मी एकाही अडाणी बाईला असं बोलले नव्हते, ते माझ्या शिकलेल्या लेकीला बोलले. मग दोन आठवडे आमचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यावर. प्रवीणराव बिचारे त्या दोन आठवड्यांत दिवसाला सहा वाक्यं बोलायला लागले.

मग तुझं पत्र आलं. येतं तिच्याच फोनवर, तिने आधी वाचलं. मी खाली आले तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली, फोन हातात. मला म्हणाली, "ही बाई परत आली नाही, यात नवल काय आहे?" आणि रडायला लागली.

राजू, मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तुला लिहिलेला सल्ला मला आठवला. म्हटलं, "त्या वेळी काय झालं ते सांग." आणि गप्प बसले.

मार्चअखेर सुगत झाला. बाळंतपणाला मी जाणार होते, बॅग भरलेली होती, विमानं बंद झाली. जुलैमध्ये त्याला टोचून आणलं त्या दिवशी प्रवीणराव कामावर होते. पोराला ताप चढला, निपचित पडलं, दूध घेईना. ती दवाखान्याला फोन लावत राहिली. पाऊण तास फोनमध्ये नुसतं गाणं वाजत होतं. कुणी दार उघडून आत यायला तयार नाही, शेजारी खिडकीतून हात हलवतात. तिला वाटलं, मूल हातातून गेलं. संध्याकाळी ताप आपोआप उतरला. असा ताप आपल्याकडे रोज येतो, मी हजारदा आयांना सांगितलंय, घाबरू नका. पण तिला सांगायला कुणी नव्हतं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" म्हणाली, "तू दर वेळी नर्स म्हणून विचारायचीस. 'झाला का डोस?' मी कशी आहे ते तू कधी विचारलंस?"



ती अजून लसीला हो म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही. पण आम्ही दोघी बोलतो आहोत.

तुझी आत्या

*

बीड
११ फेब्रुवारी २०२४

आत्या,

घाईत लिहितेय. बीडला सरकारी दवाखान्यात आहे, मुलांच्या वॉर्डाबाहेर. सुकन्याला गोवर झालाय.

काल सकाळी कडूबाईचा फोन आला. "ताई, चार रोज ताप हाय, अंगावर लाल उठलंय, आन आता पोरीला दम लागलाय." मागं मेंढरं ओरडत होती. मी म्हटलं, मिळेल ती गाडी करा आणि बीडला निघा, मी पोचते. वडवणीहून एसटी धरली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर गाठ पडली. सुकन्याचे डोळे लाल, नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मी उचलून आत पळाले.

न्यूमोनिया झालाय. ऑक्सिजन लावलाय, सलाईन चालू आहे, अ जीवनसत्त्वाचा डोस दिलाय.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "लस का नाही घेतली?" कडूबाईने मान खाली घातली. मी म्हटलं, "ती आली होती, मॅडम. दोनदा आली होती. माझ्याकडून राहिली."

कडूबाईने वर बघितलं. दुपारी तिने फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खा. तुमी सकाळधरनं उभ्या हायसा."

आत्या, मला ती भाकरी गिळवेना.

उमापूरला मेंढरांच्या तळावर आणखी दोन पोरांना ताप आहे. तिथल्या नर्सताईंना फोन केला, त्या आजच जाऊन आल्या. सटवा अजून बरा आहे, आजीपाशी ठेवलाय. सुकन्याचं काय होतं ते मला सांगता येत नाही.

राजश्री

*

लेस्टर
१२ फेब्रुवारी २०२४

राजू बाळा,

तुझं पत्र चैतालीने मोठ्याने वाचून दाखवलं. 'माझ्याकडून राहिली' इथं आली आणि तिला पुढं वाचता येईना, बाकीचं प्रवीणरावांनी वाचलं.

गिळवली नाही तरी ती भाकरी खा. तिने दिलीय ती घे. तिच्या जवळ बस आणि डॉक्टर काय म्हणतात ते तिला तिच्या बोलीत सांगत जा, वॉर्डात माणसाला सगळ्यात जास्त भीती न समजलेल्या शब्दांची वाटते. पवनला सांग, दोघींसाठी डबा घेऊन ये.

मी असते तर तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता. फिरवला असं समज. पोरीचं रोज कळव, दोन शब्द असले तरी चालतील.

आत्या

*

आंबेटाकळी
३ मार्च २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

दोन-दोन शब्दांत तुला कळवत होतेच, आज सविस्तर लिहिते. सुकन्या नवव्या दिवशी घरी आली. घरी म्हणजे उमापूरच्या रानात, तळावर. वाळून काडी झालीय, पण बोलणं तेच. 'साहेब' कोकराने तिला ओळखलं नाही म्हणून त्याच्यावर रुसली होती.

तापाची ती दोन्ही पोरंही उठली. मग कडूबाईचा फोन आला, "ताई, डबा घिऊन या." तिथल्या नर्सताईंनी परवानगी काढली, सत्र लावलं आणि मला बोलावलं. कापसाच्या पळाट्या उपटलेलं रान, लिंबाखाली एक बाज, बाजेवर आमचा डबा. कडूबाईने एकेका पालात जाऊन बाया बाहेर काढल्या. माझी ओळख काय करून दिली माहीत आहे? "ही वरडणारी शिष्टर हाय. पण आता न्हाई वरडत."

पहिला सटवा. तिने त्याला घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आता टोचा."

अकरांपैकी आठ झाली. सुकन्याला अशक्तपणा आहे, तिचं पुढच्या महिन्यात. दोन राहिली. ती धोंडीरामच्या भावाची, तो डबा बघूनच पोरं घेऊन ओढ्यापलीकडं गेला. त्याचं काय दुखणं आहे ते मला अजून माहीत नाही. या वेळी आधी विचारणार आहे.

सुगतचं मी विचारणार नव्हते. पण राहवत नाही.

तुझी,
राजश्री

*

लेस्टर
१७ मार्च २०२४

चि. राजूस,
आत्याचा जय भीम आणि खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी चैताली भांडी लावता लावता म्हणाली, "ताप आला तर?" मी म्हटलं, "येईल कदाचित. आठव्या-दहाव्या दिवशी." ती म्हणाली, "तेव्हा तू असशील?" माझं परतीचं तिकीट दहा तारखेचं होतं. प्रवीणराव एक शब्द न बोलता उठले, लॅपटॉप उघडला आणि तिकीट एप्रिलचं केलं.

बुधवारी, सहा तारखेला सुगतला घेऊन दवाखान्यात गेलो. नर्स तुझ्याच वयाची. पोराला कसं धरायचं, दंड कसा मोकळा ठेवायचा, हे सांगायला माझ्या जिभेवर शब्द आले होते. तोंड मिटून बसले. चैतालीने सुगतला मांडीवर घेतलं, एका हाताने त्याला कवळलं आणि दुसरा हात माझ्याकडे केला. "आई, मला धर." तिचा हात बर्फासारखा गार होता. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांना टोचत आले, पण आईचा हात कुणी धरायचा, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. सुगत रडला, नर्सने त्याला चिकटवायचं चित्र दिलं, तो गप्प झाला. चैतालीला गप्प व्हायला जरा वेळ लागला.

आणि गुरुवारी, बरोबर आठव्या दिवशी, दुपारी ताप आला. एकशे दोन. चैताली त्याला घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं, त्या जुलैमध्ये ती अशीच उभी असणार, समोर कुणी नसताना. मी 'काही होत नाही' असं म्हटलं नाही. म्हटलं, "ये, बस." औषध पाजलं, अंगावरचे जाड कपडे काढले, घोट घोट पाणी देत राहिलो. दर अर्ध्या तासाने ती ताप बघायची आणि मला आकडा सांगायची. मधल्या वेळात तिने तो जुना दिवस मला पहिल्यापासून पुन्हा सांगितला, फोनमधल्या गाण्यासकट. मी पुन्हा ऐकला.

दिवे लागायच्या सुमारास सुगतला घाम फुटला. उठून बसला, म्हणाला, "आईगं, भूक." प्रवीणरावांनी त्याला खाली नेलं. चैताली माझ्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "पाच मिनिटं." आणि झोपली. लग्नानंतर पहिल्यांदा.

पाच मिनिटांचा दीड तास झाला. माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. पण मी हलले नाही.

तुझी आत्या,
वनमाला